रक्ताची नऊ महिन्यांची तयारी

पूर्ण दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. तिच्या अंगात एकूण रक्त असतं सहा-साडेसहा लिटर. म्हणजे हा ओघ बाहेर वळला आणि तसाच वाहत राहिला, तर दहा-बारा मिनिटांत सगळं संपेल.

आणि तो ओघ बाहेर वळायची वेळ प्रत्येक बाळंतपणात येतेच.

बाळ जन्मतं, त्याच्यामागून काही मिनिटांत वार सुटते. या वारेखाली, गर्भाशयाच्या भिंतीत, शंभराच्या आसपास नागमोडी धमन्या उघडत असतात. वार सुटली की त्या सगळ्यांची तोंडं एकाच वेळी उघडी पडतात. आतली जखम वीतभर रुंद असते. अशी जखम मांडीला झाली तर आपण माणसाला उचलून पळत सुटू. इथे मात्र अर्ध्या तासात ती बाई बाळाला छातीशी घेऊन चहा मागते! अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर रक्त गेलेलं असतं, बस. हे होतं कसं?

याचं उत्तर फार देखणं आहे. त्या उत्तराची एक किंमतही आहे, आणि ती कधीकधी पायाच्या शिरेत गुठळी होऊन चुकवावी लागते. ही गुठळी समजून घ्यायची तर आधी ते उत्तर समजायला हवं.

माणसाची वार हा मुळातच धाडसी प्रकार आहे. गाय-म्हशींमध्ये आईचं रक्त आईच्या रक्तवाहिन्यांतच राहतं आणि वार भिंतीला बाहेरून लगटून असते. त्यामुळे गाय व्याली की रक्त फारसं जात नाही. माणसात बाळाच्या बाजूच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात, आईच्या धमन्या गाठतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकून त्या ऐसपैस करतात. आईचं रक्त मग थेट वारेच्या पोकळीत येऊन पडतं आणि बाळाच्या पेशींवरून वाहत राहतं. दोघांची रक्तं मिसळत नाहीत, मधे पेशींचा पातळ पडदा असतो. तरीही पाहा, आईचं रक्त नऊ महिने दुसऱ्याच जिवाच्या पेशींवरून वाहतं आणि सहसा गोठत नाही! स्वतःच्या रक्तवाहिनीच्या अस्तराबाहेर पाऊल पडलं की रक्त साकळायला लागतं, हा शरीराचा नियम. बाळाच्या पेशी त्या अस्तरासारखंच वागायला शिकलेल्या असतात.

पण आता अडचण लक्षात घ्या. बोट कापलं की तिथली धमनी आधी स्वतःच आकसते. ही पहिली संरक्षक हालचाल. गर्भाशयाच्या त्या धमन्यांमधला स्नायू तर बाळाच्या पेशींनी काढूनच टाकलेला आहे. त्यांना आकसताच येत नाही. मग रक्त थांबवायचं कुणी?

पहिलं धावून येतं गर्भाशय स्वतः. त्याच्या स्नायूंचे तंतू आडवे-तिडवे विणलेले असतात आणि धमन्या त्या विणीच्या मधून जातात. बाळ आणि वार बाहेर पडली की वीण कचकन आवळते आणि आतल्या धमन्या दाबल्या जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ यांना जिवंत टाके म्हणतात. बाळंतपणानंतर नर्स पोटावर हात ठेवून, बेंबीच्या आसपास चाचपून बघते ना, ती हेच बघत असते: गोळा टणक लागतोय की मऊ? टणक असेल तर टाके बसले. मऊ लागला तर ती लगेच चोळायला घेते आणि डॉक्टरांना हाक मारते.

दुसरी मदत रक्ताची. आणि तिची तयारी प्रसूतीच्या दिवशी सुरू होत नाही, ती दिवस गेल्यापासूनच चालू झालेली असते.

रक्त गोठणं म्हणजे काय? प्लेटलेट नावाच्या चिमुकल्या पेशी-तुकड्यांची जखमेपाशी गर्दी होते. त्याच वेळी रक्तात विरघळलेली प्रथिनं एकामागून एक जागी होतात. एकानं दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जायची. शेवटी थ्रॉम्बिन नावाचं प्रथिन फायब्रिनोजनचे तुकडे पाडतं, त्याचे फायब्रिनचे धागे होतात आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात गुठळी पक्की बसते.

गरोदरपणात हे सगळं सामान वाढत जातं. एरवी रक्ताच्या लिटरभर द्रव भागात दोन ते चार ग्रॅम फायब्रिनोजन असतं. दिवस भरताना ते चार ते सहा ग्रॅमपर्यंत जातं. सातवा, आठवा, दहावा असे क्रमांक घेऊन फिरणारे गोठण-घटकही चढतात. रक्ताचं आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे हे घटक पातळ व्हायला हवे होते. ते पातळ होणं भरून काढून ते वर चढतात! म्हणजे यकृत किती जास्तीचं काम करत असेल, याचा विचार करा.

पण मला याहून आश्चर्य वाटतं ते ब्रेकचं. रक्तात नुसते गोठवणारे घटक असते तर एका खरचटण्यासरशी अंगातलं सगळं रक्त गोठलं असतं. म्हणून निरोगी रक्तवाहिनीच्या अस्तरावर एक रेणू बसलेला असतो, थ्रॉम्बोमॉड्युलिन. गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन वाहत वाहत या रेणूला येऊन चिकटलं की त्याचं वागणंच पालटतं. जे थ्रॉम्बिन एका क्षणापूर्वी गुठळी बांधत होतं, तेच आता प्रोटीन सी नावाच्या रोधकाला जागं करतं आणि गोठणं थांबवायच्या कामाला लागतं. जखमेपाशी एक वागणूक, निरोगी अस्तरापाशी नेमकी उलटी! रेणू तोच. या प्रोटीन सीला एक मदतनीस लागतो, प्रोटीन एस. आणि गरोदरपणात शरीर काय करतं? या प्रोटीन एसचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतं. म्हणजे इकडे वेग वाढवला आणि तिकडे ब्रेकवरचा पाय उचलला.

अजून संपलेलं नाही. झालेली गुठळी विरघळवायची यंत्रणाही रक्तात असते. ती मंद करणारे दोन रेणू या काळात वाढतात. त्यातला एक बनवते कोण? खुद्द वार! जी वार सुटल्यावर जखम उघडी पडणार आहे, तीच नऊ महिने आईच्या रक्तात असा रेणू सोडत राहते, ज्यामुळे त्या जखमेवरची गुठळी लवकर विरघळू नये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसंच बसावंसं वाटलं. जाण्याआधी आपल्या जाण्याची सोय करून ठेवणारा दुसरा अवयव मला माहीत नाही.

आता किंमत.

1856 साली बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशो या विकृतिशास्त्रज्ञानं आपलं संशोधन ग्रंथरूपात मांडलं. फुप्फुसात सापडणाऱ्या गुठळ्या तिथे जन्मत नाहीत, लांबच्या शिरांतून वाहत येतात, हे त्यानं दाखवून दिलं. शिरेत गुठळी कशामुळे होते याची तीन कारणं आज त्याच्या नावानं ओळखली जातात: रक्त मंदावणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढणं. गरोदर बाईकडे तिसरं कारण तर तयारच आहे. बाळंतपणात, विशेषतः सिझेरियनमध्ये, ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांना इजा होते, म्हणजे दुसरंही आलं. राहिलं पहिलं.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. त्याला वर ढकलतात पोटरीचे स्नायू, आणि खाली घसरू देत नाहीत शिरांतल्या झडपा. दिवस गेल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैलावतात, शिरा रुंद होतात, आतला प्रवाह रेंगाळतो. त्यात गर्भाशय वाढत जातं. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचं हे गर्भाशय शेवटी नुसतं स्वतःच किलोभर होतं, वर बाळ, पाणी आणि वार. हा सगळा भार पोटाच्या मागच्या बाजूनं जाणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो, म्हणून तर उताणं झोपू नका, कुशीवर झोपा असं सांगतात. सातव्या महिन्याच्या सुमाराला मांडीच्या शिरेतल्या रक्ताचा वेग निम्म्यावर आलेला असतो.

इथे एक जुनं कोडं येतं. गरोदरपणात पायात होणाऱ्या गुठळ्यांपैकी शंभरात ऐंशी ते नव्वद डाव्या पायात होतात. पाय दोन, रक्त एक, पोट एक. मग डावाच का?

बेंबीच्या पातळीवर हात ठेवा. साधारण तिथेच आत, पाठीच्या कण्यासमोर, शरीराची मुख्य धमनी दोन फाट्यांत विभागते, एक उजव्या पायाकडे, एक डाव्या. तिच्या शेजारी, उजव्या अंगाला, मुख्य शीर असते. दोन्ही पायांच्या शिरा येऊन हिला मिळतात. आता शीर उजवीकडे आहे म्हटल्यावर डाव्या पायाच्या शिरेला तिथवर पोचायला मध्यरेषा ओलांडावी लागते. आणि नेमकी त्याच जागी उजव्या पायाकडे निघालेली धमनी तिच्यावरून आडवी जाते. खाली कण्याचं हाड, वर ठोके देणारी धमनी: पाट्या-वरवंट्यात सापडावी तशी ही डावी शीर जन्मभर चेपलेली असते. उजव्या शिरेवर असा भार नाही. 1957 मध्ये ऑस्ट्रियातल्या मे आणि थर्नर या दोघांनी 430 शवं तपासली, तेव्हा शंभरात बावीस जणांच्या या शिरेत, अगदी त्या ओलांडण्याच्या जागी, आतून जाडसर पडदे तयार झालेले सापडले. धमनीच्या ठोक्याठोक्यानं शिरेच्या भिंती एकमेकींवर घासून झालेले. एरवी हे सहज निभावून जातं. वरून भरल्या गर्भाशयाचा भार आला की मात्र डाव्या पायाच्या रक्ताची वाट अरुंद होते.

म्हणजे ही गोष्ट सुरू होते शरीराच्या रचनेतल्या एका साध्या बाबीपासून: मुख्य शीर जरा उजवीकडे आहे, एवढीच. आणि तिचा परिणाम दिसतो डाव्या पायावर! यामुळेच आणखी एक विशेष घडतं. इतर लोकांत गुठळी बहुधा पोटरीत सुरू होऊन वर चढते. गरोदर बाईत ती अनेकदा थेट मांडीच्या किंवा ओटीपोटातल्या शिरेत होते. त्यामुळे पोटरी न दुखता जांघ, कंबर नाहीतर कुल्हा दुखतो, आणि ते दुखणं कुणाला वेगळं वाटत नाही, कारण गरोदरपणात कंबर दुखतेच.

युरोपातल्या जुन्या डॉक्टरांना बाळंतिणीचा हा पांढराफटक, सुजलेला पाय चांगला माहीत होता. त्यांचा समज असा, की अंगावरचं दूध वाट चुकून पायात उतरलं! बाळंतपणानंतर काही दिवसांतच पाय सुजायचा, त्याच दिवसांत दूध यायचं, आणि पाय पांढरा दिसायचा. त्या काळातल्या माहितीवर हा अंदाज मूर्खपणाचा मुळीच नव्हता. 1784 मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटनं दुधाऐवजी लसवाहिन्यांकडे बोट दाखवलं. 1823 मध्ये लंडनच्या डेव्हिड डेव्हिसनं अशा आजारात गेलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनात ओटीपोटातल्या शिरा उघडून पाहिल्या आणि त्या गुठळ्यांनी बंद झालेल्या सापडल्या. कुणीतरी उघडून बघावं, एवढ्याच गोष्टीसाठी केवढी वाट पाहावी लागली!

गुठळी पायात असते तोवर पाय सुजतो, दुखतो. धोका असतो तिचा तुकडा सुटण्याचा. शिरा हृदयाकडे जाताना रुंद होत जातात, त्यामुळे तुकड्याला वाटेत अडायला जागाच नसते. ओटीपोट, मोठी शीर, हृदयाचा उजवा भाग आणि मग फुप्फुस, जिथे रक्तवाहिन्या पुन्हा बारीक होत जातात. तिथे तो अडकतो. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यातून रक्त, धडधड, चक्कर. तुकडा मोठा असेल तर माणूस जातो.

हे किती जणींना होतं? हजार गरोदरपणांत साधारण एक-दोघींना. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईपेक्षा चार-पाच पट जास्त, पण तरीही हजारातल्या एक-दोघी. रक्तस्रावापासून जवळजवळ सगळ्यांनाच मिळणारं संरक्षण बघता हा सौदा शरीरानं वाईट केलेला नाही, असं माझं मत आहे. जगभरात बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण अजूनही रक्तस्रावच आहे, भारतातही. ब्रिटनसारख्या देशात रक्तस्रावावर चांगलंच नियंत्रण आलं, तेव्हा थेट बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंत गुठळी वरच्या क्रमांकावर आली. मग तिथे प्रत्येक गरोदर बाईचा धोका आधी तोलायचा आणि गरज असेल तिला इंजेक्शन द्यायचं, अशी पद्धत बसवली. 2003 ते 2005 या तीन वर्षांत तिथे गुठळ्यांमुळे 41 मृत्यू झाले होते, 2006 ते 2008 मध्ये 18. नवं औषध आलेलं नव्हतं. वेळेवर विचारलेले प्रश्न होते.

ते इंजेक्शन हेपॅरिनचं, आणि त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1916 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लेन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला कुत्र्याच्या यकृतातून सापडला तो गोठणं थांबवणारा! आज हेपॅरिन बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. ते स्वतः रक्त पातळ करत नाही. आपल्या रक्तात आधीपासून असलेल्या एका रोधक प्रथिनाला धरून त्याचं काम सुमारे हजारपट वेगानं करून घेतं. आणि गरोदर बाईसाठी त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याचा रेणू इतका मोठा आणि विद्युतभारानं लादलेला असतो की तो वार ओलांडूच शकत नाही. आईच्या रक्तात औषध आहे, पडद्यापलीकडच्या बाळाला त्याचा पत्ताही नाही. वॉरफरिनची गोळी मात्र वार पार करते आणि बाळाच्या घडणीला इजा करू शकते, म्हणून दिवस असताना ती टाळतात. तेच वॉरफरिन अंगावरच्या दुधात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे बाळंतपणानंतर चालतं.

गुठळी शोधायची पद्धतही साधी आणि सुंदर आहे. सोनोग्राफीचा दांडा जांघेवर ठेवून डॉक्टर हलकेच दाबतात. पडद्यावर दोन काळे गोल दिसतात, एक धमनी, एक शीर. दाब पडला की निरोगी शीर लगेच मिटते, गोल नाहीसा होतो. मिटली नाही, तर आत काहीतरी घट्ट बसलेलं आहे. एरवी गुठळीची शक्यता आहे का हे पाहायला रक्ताची डी-डायमर चाचणी करतात. गरोदरपणात तिचा आकडा निरोगी बाईतही चढलेलाच असतो, त्यामुळे तिचा भरवसा धरता येत नाही.

वेळेचंही एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. धोका पहिल्या महिन्यांपासून असतो, पण दर दिवसाचा हिशेब केला तर सगळ्यात जास्त धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असतो. जखम भरली तरी गोठण्याची तयारी उतरायला वेळ लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला बाजेवरून हलू देत नाहीत. काही घरांत तर पाणीही मोजून देतात, पोट सुटेल म्हणून. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या हा प्रकार भारतातल्या डॉक्टरांनी फार पूर्वीपासून मोठ्या संख्येनं पाहिला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं त्यावर बरंच काम केलं. शरीरात पाणी कमी पडणं आणि रक्तक्षय ही त्यातली वारंवार पुढे येणारी कारणं. शेक-शेगडी, मालिश, खारीक-डिंकाचे लाडू सगळं होऊ दे, त्यामागे माया आहे. पण पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी भरलेला असू दे, आणि डॉक्टरांनी स्पष्ट कारण देऊन मनाई केली नसेल तर तिला घरात चार पावलं चालू दे. पोटरी हलली की रक्त वर चढतं.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर एवढं कराच. तिला, तिच्या आईला किंवा बहिणीला पूर्वी कधी अशी गुठळी झाली असेल, तर नाव घालायला जाल त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. वय पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, जुळी, सिझेरियन, आजारपणानं अंथरुणाला खिळणं, यांचाही हिशेब त्यांना करू द्या. दोन्ही पाय संध्याकाळी सारखेच सुजले तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं, पुढच्या तपासणीत दाखवलं तरी चालतं. मात्र सुजेबरोबर डोकं दुखत असेल किंवा तोंड-हात सुजले असतील तर थांबू नका, तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. आणि एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, त्यातही तो डावा असेल, तर मालिश करू नका, उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला, छातीत कळ आली, किंवा बाळंतिणीचं डोकं असह्य दुखून दिसायला अंधुक झालं किंवा झटका आला, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा: ही गरोदर आहे, किंवा हिचं बाळंतपण झालंय आणि अजून सहा आठवडे उलटलेले नाहीत.